मालिका-सिनेमाचं लेखन: पहिलं काम मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

मराठीत नव्या लेखकाला पहिलं काम सहसा निर्माता देत नाही, चॅनेल तर नाहीच. ते देतो दुसरा लेखक, नाहीतर कॉलेजात तुमच्याबरोबर एकांकिका केलेला आणि आता सहायक दिग्दर्शक झालेला मित्र. आठवड्याला सहा भाग लिहून टेकीला आलेला संवादलेखक आजारी पडतो, त्याच्या घरात लग्न निघतं किंवा त्याला दुसरी मालिका मिळते, आणि तो फोन लावतो: "चार सीन करशील का? उद्या सकाळी हवेत." त्या फोनपर्यंत कसं पोचायचं आणि तो आल्यावर काय करायचं, एवढ्यापुरता हा लेख आहे. 'माझ्याकडे जबरदस्त स्टोरी आहे, कुणाला विकू?' असं विचारणारे बरेच भेटतात. अनोळखी माणसाची नुसती स्टोरी आपल्याकडे कुणी विकत घेत नाही. कामाला लावतात ते लेखकाला, आणि तेही त्याची चार पानं कुणीतरी आधी वाचलेली असतील तर.

१. आधी कोण काय लिहितं ते समजून घ्या

श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन नावं वेगवेगळी येतात, ती उगाच नाही. कथा म्हणजे कुणाचं काय होतं. पटकथा म्हणजे ते कुठल्या सीनमधून, कुठल्या क्रमानं आणि कुणाला काय माहीत असताना घडतं. संवाद म्हणजे शेवटी कलाकाराच्या तोंडी जे येतं ते. सिनेमात ही तिन्ही कामं बऱ्याचदा एकच माणूस करतो, आणि मराठीत तो अनेकदा दिग्दर्शकच असतो. मालिकेत मात्र माणसं वेगळी असतात आणि कथेच्या पुढे 'कथाविस्तार' नावाचं, म्हणजे मूळ कथा भागांसाठी पुढे वाढवत नेण्याचं, आणखी एक काम असतं.

नवख्याला दार उघडतं ते संवादाचं. ते रोज लागतात, आणि एखादा सीन फसला तर रात्रीतून दुसऱ्याकडून लिहून घेता येतो. पटकथेला माणूस घेताना निर्मितीसंस्था दहादा विचार करते. कथा तर ज्याचं नाव चॅनेलला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच विचारतात.

दुसरं बऱ्यापैकी उघडं दार विनोदी स्किटचं. तिथे दर आठवड्याला नवा माल लागतो आणि लेखक बहुतेक एकांकिकेतूनच आलेले असतात. ऑडिओ मालिकांमध्ये काम मिळतं, पैसे बेताचे असतात, पण रोज ठरावीक शब्द लिहायची सवय लागते. ओटीटीवर मराठीचं प्रमाण अजून थोडं, आणि जे होतं ते आधी काही केलेल्यांकडेच जातं. हिंदीत जायचं असेल तर संवाद रोमन लिपीत टाइप करायची तयारी ठेवा. तिथे बरेच कलाकार आणि निर्माते देवनागरी वाचतच नाहीत.

२. हाताशी काय असायला हवं

तीन गोष्टी पुरतात. दहा-बारा पानांची एक शॉर्ट फिल्म. एक पूर्ण लांबीचा सिनेमा किंवा वेबमालिकेचा पहिला भाग. आणि ट्रायल सीन लिहायची तयारी.

तिसऱ्या गोष्टीकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त. निर्मितीसंस्था नव्या संवादलेखकाकडून आधी एक-दोन सीन लिहून घेते. त्याचा सराव घरबसल्या होतो. चालू असलेल्या कुठल्याही मालिकेचा एक भाग अॅपवर लावा आणि कागद घेऊन बसा. एकूण सीन किती? सेट किती वापरले? दिवसाचे किती, रात्रीचे किती? एका सीनमध्ये जास्तीत जास्त किती पात्रं? ब्रेक कुठे आला आणि त्याच्या आधीचं शेवटचं वाक्य काय होतं? अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं उरतात, ती कशी वाटली आहेत ते बघा. आठवडाभर एकाच मालिकेचं हे टिपण केलंत, की कुठल्या कलाकाराच्या डेट नव्हत्या हेसुद्धा कळायला लागतं: तो दोन दिवस फक्त फोनवरच बोलतोय. मग त्याच पात्रांचा एक सीन स्वतः लिहा.

आता मांडणी. इंग्रजी पटकथेत बारा पॉइंटचा कुरिअर फाँट वापरला की एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, असा हिशेब असतो. देवनागरीत तो जमत नाही. फाँट वेगळे, ओळींमधलं अंतर वेगळं. आपला सीन मोठ्यानं वाचायचा आणि घड्याळ लावायचं, एवढाच भरवशाचा उपाय. सॉफ्टवेअरच्या नादी फार लागू नका. पैसे भरून घ्यायचं फायनल ड्राफ्ट आहे, फुकटात रायटरड्युएट किंवा ट्रेल्बी आहे, पण मराठी मालिकांचा बराच कारभार अजूनही वर्ड आणि गुगल डॉक्सवरच चालतो. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याच्या फोनवर उघडली की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. पाठवताना पीडीएफ करा आणि अक्षर मोठं ठेवा. सेटवर कलाकार मेकअप करून घेता घेता फोनवरच सीन वाचत असतात.

३. एक सीन जवळून

समजा, गोष्ट अशी आहे: निवृत्तीला तीन महिने उरलेल्या एसटी कंडक्टरच्या रोकडीत पैसे कमी पडतायत. अपहाराचा ठपका बसला तर ग्रॅच्युइटी अडकणार. आणि पैसे घेतोय त्याचाच मुलगा.

बाप-लेक समोरासमोर येतात तो सीन नवखा माणूस साधारण असा लिहितो:

बाप: मी आयुष्यभर इमानदारीनं नोकरी केली आणि तू माझ्याच बॅगेतून पैसे चोरलेस?
मुलगा: बाबा, तुम्ही मला कधी समजूनच घेतलं नाहीत!

पुढचं पानभर अशीच भाषणं. आता दुसरा प्रयत्न:

सीन १४. आत. शिवाजीचं घर, स्वयंपाकघर. रात्र.
खुंटीला खाकी शर्ट. शिवाजी (५७) जमिनीवर बसलाय, समोर उपडी केलेली चामडी बॅग आणि नाण्यांच्या चळती. संतोष (२४) आत येतो. पायात नवे बूट.
शिवाजी: जेवलास?
संतोष: हो. बाहेर.
शिवाजी: (मोजता मोजता) किती झाले?
संतोष: कशाचे?
शिवाजी: जेवणाचे.
संतोष: मित्रानं दिले.
शिवाजी मोजलेली चळत मोडतो. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो.
शिवाजी: बूट बाहेर काढ. आई पुसून गेलीय.

चोरीचा शब्दही नाही, पण बापाला कळलंय हे आपल्याला कळतं. 'शिवाजीला खूप वाईट वाटतं' असं कंसात लिहिलेलं नाही, कारण ते कॅमेऱ्याला दिसणार नाही. चळत मोडताना दिसेल.

सिनेमासाठी हे चालेल. हाच सीन दैनंदिन मालिकेला दिलात तर मात्र परत येईल, आणि परत पाठवणाऱ्याचं चुकलेलं नसेल. मालिका बघितली जाते त्यापेक्षा ऐकली जास्त जाते. बघणारी बाई कणीक मळत असते, नातवाला भरवत असते. तिला नवे बूट दिसत नाहीत. म्हणून तिथे आईला सीनमध्ये आणावं लागतं: "अहो, किती वेळा मोजाल? किती कमी पडतायत?" "अकराशे वीस." आणि संतोष दारातच थांबतो. ब्रेक. हे सोपं वाटत असेल तर रोज दहा सीन असे लिहून बघा. मालिकेच्या लेखनाला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात, त्यातल्या फार थोड्यांना ते जमतं.

बोलीबद्दल एक. 'आवं', 'काय गं बया' पेरलं की ग्रामीण झालं, असं समजून लिहिलेली भाषा महाराष्ट्रातल्या एकाही गावात बोलत नाहीत. तुमचं गाव परांड्याजवळ असेल तर तिथली बोला, चंदगडजवळ असेल तर तिथली. ज्या भागाची बोली येत नाही त्या भागातलं पात्र लिहायची वेळ आली, तर तिथल्या माणसाकडून सीन वाचून घ्या.

४. एकांकिकेचा रस्ता

आपल्याकडे जी सोय आहे ती इतर भाषांतल्या होतकरू लेखकांना सहसा मिळत नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. मुंबईत आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटर) स्पर्धा, लोकसत्ताची लोकांकिका, शिवाय गावोगावच्या खुल्या स्पर्धा. वर्षभरातल्या स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिकांची चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई' प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री रंगते ती पहाटेपर्यंत. कॉलेज संपलं असेल तर हौशी संस्थांसाठी १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा आहे.

लेखकाला यातून करंडकापेक्षा मोठी गोष्ट मिळते: आपलं वाक्य पडलं ते त्याच क्षणी कळतं. जिथे हशा येईल असं वाटलं होतं तिथे सभागृह गप्प बसतं आणि भलत्याच ठिकाणी लोक हसतात. शिवाय त्या तालमीच्या हॉलमध्ये असलेली मुलं पाच वर्षांनी मालिकांचे दिग्दर्शक, कलाकार, चॅनेलमधले क्रिएटिव्ह होतात. मराठीत ओळखी वाढवायच्या म्हणजे पार्ट्यांना जायचं नाही. कुणाच्या तरी एकांकिकेचं सेट उचलायला जायचं.

एक जोडफायदा. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. त्या निमित्तानं तुमच्या नावानं तारखेसकट एक सरकारी नोंद होते. पुढे वाद झालाच तर तीही कामाला येते.

अभ्यासक्रम हवाच असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि छोटे वर्गही होतात. दोन-तीन दिवसांच्या महागड्या कार्यशाळांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. शिकवणाऱ्यानं अलीकडे काय लिहिलंय ते आधी बघा, मग पैसे भरा.

५. पाठवण्याआधी नोंदणी

अंधेरीची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, सदस्यांच्या संहितांची ऑनलाइन नोंदणी करते. मराठीतलं लेखनही तिथे नोंदवता येतं. सदस्य व्हा, पीडीएफ चढवा, फी भरा, शिक्क्याची प्रत उतरवून घ्या. मोठे बदल केले की नवा ड्राफ्ट पुन्हा नोंदवा. सदस्यांच्या तक्रारींसाठी संस्थेची वाद निवारण समिती आहे. मालिका, नाटक आणि चित्रपटलेखकांची 'मानाचि' ही मराठी संघटनाही आहे, तिच्या कार्यक्रमांना जात राहा. सरकारी नोंदणी हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीसाठी ₹५०० शुल्क भरून अर्ज करता येतो. कायद्यानं कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. नोंदणी हा फक्त तारखेचा पुरावा.

आणि पुरावा कशाचा, तर लिहिलेल्या पानांचा. कल्पनेवर कुणाचीच मालकी नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं: कल्पना, विषय, कथासूत्र यांना कॉपीराइट नाही. ती कल्पना ज्या प्रकारे मांडली, त्या मांडणीला आहे. तो दावा एका नाटककारानं आपल्या नाटकावरून सिनेमा उचलला म्हणून केला होता आणि तो हरला. म्हणून 'एसटी कंडक्टर आणि चोर मुलगा' एवढंच चहाच्या टपरीवर सांगितलंत तर कायदा तुमच्या मदतीला येणार नाही. ऐंशी पानं लिहून नोंदवली असतील आणि त्यातले प्रसंग त्याच क्रमानं पडद्यावर दिसले, तर बोलता येईल. सिनेमाचं नावही कॉपीराइटमध्ये बसत नाही. ते निर्मात्यांच्या संस्थांकडे निर्माता नोंदवतो, लेखकानं त्यात पैसे घालवू नयेत.

चोरी होईल या धास्तीनं कुणालाच काही न दाखवणारे लेखकही असतात. त्यांचं काही चोरीला जात नाही आणि काही होतही नाही.

दुसऱ्याच्या कादंबरीवर लिहायचं असेल तर आधी हक्क घ्या, मग लिहा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. हरी नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी दोघंही १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं साहित्य सगळ्यांना खुलं आहे. रूपांतराचा सराव करायला याहून चांगला आणि फुकट माल मिळणार नाही.

६. एक ओळ, एक पान, नॅरेशन

वर कंडक्टरची गोष्ट तीन वाक्यांत सांगितली, तशी स्वतःची सांगता आली पाहिजे. माणूस कोण, त्याच्यापुढे काय उभं राहिलं, आणि हरला तर काय जाणार. 'नात्यांची हळवी गुंफण उलगडणारी कथा' या ओळीवरून मला काहीही कळत नाही, निर्मात्यालाही कळत नाही. एका पानात मात्र शेवट सांगून टाका. 'पुढे काय होतं ते प्रत्यक्ष भेटीत' हा प्रकार वाचणाऱ्याला चिडवतो.

मुंबईत संहिता वाचण्यापेक्षा ऐकण्याचा रिवाज जास्त आहे. निर्माता, कलाकार, चॅनेल, सगळे नॅरेशन मागतात, म्हणजे गोष्ट समोर बसून तोंडी सांगा म्हणतात. वीस मिनिटांचं एक आणि पूर्ण दीड-दोन तासांचं एक, अशी दोन तयार ठेवा. पूर्ण नॅरेशनला संहिता हातात घेऊन बसायला काही हरकत नाही, पण नुसतं वाचू नका. सीन क्रमांक, 'कट टू', 'इकडे मात्र' असलं सांगत बसलात की समोरच्याचा हात फोनकडे जातो. पात्रांची ओळख गोष्टीत येतील तशी करून द्या. सुरुवातीलाच अकरा नावं ऐकवू नका. विनोद सांगताना स्वतः आधी हसू नका. मध्येच त्यांना फोन आला तर थांबा आणि परत सुरू करताना मागचं एक वाक्य पुन्हा सांगा. एकदा सांगून झालं की लगेच 'कसं वाटलं?' विचारू नका, आधी त्यांना बोलू द्या. घरी आल्यावर काय ऐकवलं, कुणाला आणि कधी, याचा साधा ईमेल त्याच रात्री पाठवून द्या: 'आज वेळ दिल्याबद्दल आभार, ऐकवलेल्या गोष्टीचा सारांश सोबत जोडला आहे.' सौजन्यही झालं, नोंदही झाली.

७. फोन आला. आता?

मालिकेचं चक्र असं फिरतं. पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्ट कुठल्या दिशेनं जाणार ते, चॅनेल आणि निर्मितीसंस्था मिळून ठरवतात. त्यावरून आठवड्याची वन लाइन निघते, म्हणजे कुठल्या भागात काय घडणार ते दोन-चार ओळींत. ती चॅनेलच्या ईपीकडून (एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर) मंजूर झाली की पटकथाकार प्रत्येक भागाचे सीन पाडतो: कुठला सेट, कोण कोण, काय होतं, शेवट कशावर. ती पानं संवादलेखकाकडे येतात आणि त्याच्याकडून सेटवर जातात. मढ, मिरा रोड, नायगाव किंवा घोडबंदरच्या एखाद्या बंगल्यात युनिट सीनची वाट बघत असतं. नियमानं भागांची बँक, म्हणजे आधीच तयार असलेल्या भागांचा साठा, असायला हवी. प्रत्यक्षात सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो असे दिवस बरेच येतात.

गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला तर मंजूर झालेला ट्रॅकही फिरतो, आणि तुम्ही रात्र जागून लिहिलेले सीन कुणी वाचतही नाही. हे अंगाला लावून घ्यायचं नाही. त्यात तुमच्या लेखनाचा काही संबंध नसतो.

चार सीन करायला मिळाले तर लिहायला बसण्याआधी हे विचारून घ्या. या सीनच्या आधी आणि नंतर काय आहे? या क्षणी कुठल्या पात्राला काय माहीत आहे? (सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ज्या सुनेला दागिने गहाण टाकल्याचं अजून कळलेलंच नाही, ती त्यावर बोलून जाते.) कोण कोणाला अहोजाहो करतं? एखाद्या पात्राची लकब किंवा तकियाकलाम आहे का? कोण उपलब्ध नाही? सेट बदलता येणार नाही, हे तर गृहीतच धरा. 'हा सीन समुद्रावर जास्त खुलेल' ही सूचना कितीही खरी असली तरी मनातच ठेवा.

आणि वेळेवर द्या. सकाळी सातला सांगितलं असेल तर पावणेसातला. उशीर होणारच असेल तर रात्रीच कळवा. तयार झालेले दोन सीन आधी पाठवून द्या, म्हणजे युनिट सुरू तरी होईल. फाइलला भाग क्रमांक, सीन क्रमांक आणि ड्राफ्ट कितवा ते नाव द्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा फाइली सेटवर भलताच सीन शूट करवतात. उत्तम लिहिणारा पण उशीर करणारा, आणि बरं लिहिणारा पण वेळेत देणारा, यांच्यात पुढचा फोन नेहमी दुसऱ्याला जातो. अन्याय आहे, पण शंभर माणसांचं युनिट ताटकळलेलं असतं तेव्हा मीही दुसऱ्यालाच फोन करते.

दुसऱ्या लेखकाच्या हाताखाली लिहिताना सुरुवातीला नाव येणार नाही. किती दिवस, हे आधीच स्पष्ट विचारा. एके ठिकाणी माझं नाव पाटीवर (श्रेयनामावलीत) यायला मालिका निम्मी सरावी लागली, आणि तेही मी दर महिन्याला आठवण केली म्हणून. पहिले दोन-तीन महिने विनानाव, त्यानंतर 'संवाद साहाय्य' असं काहीतरी ठरलं, तर ते एका ओळीत मेसेजवर लिहून घ्या. पैसे मात्र पहिल्या सीनपासून.

८. करार आणि पैसे

मालिकेत मानधन भागामागे ठरतं. महिन्याचं बिल करायचं आणि पैसे बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी येतात, त्यातून १० टक्के टीडीएस कापून. म्हणजे जूनमध्ये काम सुरू केलंत तर जूनचे पैसे दिवाळीच्या आसपास. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. बिलांची वही ठेवा आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर कापलेला कर परत मिळतो, आणि तो सोडून देणारे लेखक मी पुष्कळ पाहिलेत.

सिनेमात पैसे टप्प्यांत मागा: सही करताना, पहिला ड्राफ्ट दिल्यावर, अंतिम ड्राफ्टवर, शूटिंगच्या आधी. शेवटचा हप्ता प्रदर्शनावर लटकवून घेऊ नका. मराठीत तयार होऊन डब्यात पडलेले सिनेमे कमी नाहीत. मानधनात किती ड्राफ्ट, ते लिहून घ्या, नाहीतर नवव्या ड्राफ्टनंतरही 'जरा सेकंड हाफ बघू या' चालूच राहतं.

कायद्यातल्या काही गोष्टी माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये लेखकांच्या बाजूनं मोठी दुरुस्ती झाली. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत लेखकाकडे येतात, पण करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तरच. आणि ते बहुतेक करारांत लिहिलेलं असतंच, म्हणून ते कलम शोधा. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठीच्या रॉयल्टीचा हक्क लेखकाला सोडून देता येत नाही. करारात 'सोडला' असं लिहून घेतलं तरी ते कायद्याच्या विरुद्ध आहे. प्रत्यक्षात ती रॉयल्टी हातात पडणं ही वेगळी लढाई आहे, पण सही करताना तरी स्वतःहून सोडू नका. श्रेय कसं लिहिणार (कथा, पटकथा, संवाद यांपैकी काय, पोस्टरवर येणार का) ते करारातच असावं. मध्येच तुम्हाला काढलं तर तोवरच्या कामाचे पैसे आणि नाव यांचं काय, हे कलम नवखे लेखक वाचतही नाहीत आणि भांडण तिथेच होतं.

९. मुंबईला जावं का?

लगेच नको. बैठका आता बऱ्याचशा ऑनलाइन होतात आणि संवाद पुण्यातून, नाशकातून, कोल्हापुरातून लिहिले जातात. काम हाताला लागल्यावर या. तेव्हाही वर्सोवा-अंधेरीचं भाडं भरत बसण्यापेक्षा ठाण्याला किंवा डोंबिवलीला राहणारे मराठी लेखकच जास्त सापडतील.

स्वतःचा सिनेमा हाताशी असेल तर नजर गोव्याकडेही ठेवा. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी नोव्हेंबरात तिथे एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) फिल्म बाजार २००७ पासून भरतो. २०२५ पासून त्याचं नाव वेव्हज फिल्म बाजार झालं. एनएफडीसीची स्क्रीनरायटर्स लॅब त्याला जोडलेली आहे. निवडलेल्या संहितांवर मार्गदर्शकांबरोबर काम होतं आणि नंतर त्या निर्मात्यांसमोर मांडायला मिळतात. प्रवेशिका इंग्रजीत लागते, तेव्हा सारांशाचं भाषांतर मशीनवर सोडू नका. प्रवेशिका कधी मागवतात यावर लक्ष ठेवा आणि जाहिरात आल्यावर लिहायला घेऊ नका, तोवर उशीर झालेला असतो.

१०. कुणाला आणि काय पाठवायचं

चॅनेलच्या सर्वसाधारण ईमेलवर संहिता पाठवू नका. न मागवलेलं लेखन पुढे वाद नको म्हणून बऱ्याच कंपन्या उघडतही नाहीत. तुम्हाला आवडणाऱ्या मालिकेच्या पाटीवर संवादलेखकाचं नाव असतं, त्याला लिहा. असं:

'नमस्कार, मी अमुक, राहणार इस्लामपूर. तुमच्या मालिकेतला आजीनं घराच्या वाटणीच्या कागदावर अंगठा द्यायला नकार दिला तो सीन फार आवडला, विशेषतः ती शेवटपर्यंत कारण सांगत नाही ते. मी दोन एकांकिका लिहिल्या आहेत, एकीला खुल्या स्पर्धेत लेखनाचं पारितोषिक मिळालं. संवाद-साहाय्यकाची गरज पडली तर ट्रायल सीन लिहायला आवडेल. नमुना म्हणून तीन पानं जोडली आहेत. उत्तराची घाई नाही.'

एवढंच. 'सर, एक संधी द्या, आयुष्य बदलेल' हे वाक्य नको. ऐंशी पानांची फाइल नको. रात्री साडेअकराला फोन तर मुळीच नको. उत्तर आलं नाही तर तीनेक आठवड्यांनी एकदा विचारा, मग सोडून द्या आणि काही नवं लिहून झालं की त्या निमित्तानं पुन्हा लिहा.

ट्रायल मागितलं तर ते एक-दोन सीनचं असावं. संपूर्ण भाग किंवा आठवड्याचे भाग 'ट्रायल' म्हणून मागत असतील, तर त्यातलं काही प्रसारित होणार आहे का आणि झालं तर मानधन किती, हे लिहायला बसण्याआधी मेसेजवर विचारून घ्या.